करवीर कुळ

वडील बैलावर बसून गावं फिरायचे,
कागल, मुरगूड, पार निपाणीच्या पुढं.
दारात घंटा वाजवायची, वही सोडायची
आणि माणसाला त्याचेच पूर्वज ऐकवायचे:
मूळपुरुष हुक्केरीचा. त्याला तिघं.
थोरला पटकीत गेला, मधल्याचं वाढलं,
धाकट्याचं बुडालं.
मग सूपभर जोंधळे, एखादं जुनं धोतर.

हेळव्याचा पोरगा असून मी वही धरली नाही.
विद्यापीठात चिकटलो, म्हणजे चिकटवायलाच लागलो,
वाळलेली झाडं, जाड पांढऱ्या कागदावर.
एकतीस वर्षं.
खळ, सुई-दोरा, रसकापराचं विष,
खालच्या कोपऱ्यात चिठ्ठी:
मसाई पठार. काताळावरची ओल. वीतभर उंच.
फूल कंदिलासारखं, फिकट हिरवं, आत जांभळं.
अकरा सप्टेंबर सत्याऐंशी.
रंग लिहून ठेवावाच लागतो;
महिन्याभरात सगळ्यांचाच चहा होतो.

दाबताना घातलेली वर्तमानपत्रं मी टाकत नसे.
पानांचे ठसे उमटलेले असायचे
कुस्तीच्या निकालावर, उसाच्या दरावर,
एकदा तर
'बाळू, परत ये, कोणी रागावणार नाही' याच्यावर
अख्खं नेचं.

मग एका वर्षी मगदूम मॅडम कपाटापुढं उभ्या राहिल्या.
रुईचं कुळ मोडलं, म्हणाल्या.
पेशींच्या आतलं वाचून लोकांनी ठरवलंय,
रुई, खरपुडी, अनंतमूळ,
सगळी कण्हेरीच्याच घरातली.
कण्हेर म्हणजे करवीर. कुळाचं नाव करवीर.
'हेळवी, तुमच्या गावानं दत्तक घेतलं म्हणा.'
त्या हसल्या.
मला नऊशे चाळीस कागद हलवायचे होते.

जुनी चिठ्ठी फाडायची नाही, हा आमच्यातला नियम.
शेजारी नवी लावायची, तारीख घालून, सही करून.
चुकलं कोण, तेही कागदावर राहिलं पाहिजे.

वडिलांना एकदा आणलं दाखवायला.
डोळे गेलेले, बैल विकलेला.
त्यांनी कागद हुंगले.
'ह्या सगळ्यांचं मूळ कुठलं?'
मी म्हटलं, फुलझाडांचं अजून नक्की नाही.
'मग म्हणता कसं?'

मी त्यांच्या हातात टेबलावरचा धोंडा दिला,
कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला.
ताडाचं खोड, दगड झालेलं,
विदर्भातून कुणी आणलेलं,
लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळातलं.
अंगठ्यानं चाचपत गेले. शिरांचे ठिपके लागले तसे थांबले.
'ह्याच्यामागं कोण?'
थेट कुणी नसावं. भाऊबंद आहेत,
कोकणात, आफ्रिकेत.
'येणंजाणं?'
समुद्र आलाय मधे, म्हटलं.

बराच वेळ धोंडा मांडीवर घेऊन बसले.
मग सवयीनं सुरू झाले, हलक्या आवाजात.
नावं ठाऊक नव्हती, नुसती चाल म्हटली:
त्याला तिघं. मधल्याचं वाढलं. धाकट्याचं बुडालं.
शिपाई दारात उभा राहून ऐकत होता.
मी सूप कुठून आणणार,
कँटीनमधून चहा आणि दोन बटर आणले.

ते कंदिलाचं झाड मला पुन्हा दिसलं नाही.
तीन पावसाळे मसाईवर गेलो.
काताळ तोच, ओल तीच,
ओलीत गाड्यांच्या चाकांचे वळ.
मॅडम म्हणाल्या, नाहीसं झालं असं लिहू या.
मी म्हटलं, थांबा. वही आमच्या घरातली आहे.
आमच्यात बुडालं म्हणायच्या आधी
आजूबाजूची बारा गावं विचारून येतात.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी
त्या कागदावर मी एक चिठ्ठी लावली, माझी पहिलीच:
शोधलं. दिसलं नाही.
गगनबावड्याकडं अजून बघायचं राहिलंय.
सही, सिदराम यल्लाप्पा हेळवी,
चिकटवणारा.